केनियाला चाललोय, दुर्बीण विमानात नेऊ देतात का?

नवतपा (धागाकर्ता) · ४ जुलै, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक-जावई नैरोबीत असतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे तिकडे चाललोय. त्यात चार दिवस मसाई मारा अभयारण्याचे. तिकीट नागपूर-दोहा-नैरोबी, येतानाही तेच. माझं वय सत्तावन्न, बायकोचं पंचावन्न, आणि पासपोर्टावर पहिला शिक्का आत्ता बसणार.

अडचण दुर्बिणीची आहे. घरात दोन आहेत. एक मुलाने वाढदिवसाला दिलेली ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची), नवीकोरी, सातशे ग्रॅमच्या आतबाहेर. दुसरी थोरल्या भावाची ७×५०. दादा मर्चंट नेव्हीत होता. ही म्हणजे निव्वळ वरवंटा. किलोच्या वर वजन, आणि डोळ्याला लावली की आत उभ्या-आडव्या रेघा नि आकडे दिसतात. दादा गेल्यावर वहिनीने ती मला दिली. गोरेवाड्याच्या, अंबाझरीच्या तलावावर मी तीच घेऊन जातो. नवीवर अजून हात बसलेला नाही, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या काकांनी डोक्यात भरवलं की दुर्बीण म्हणजे मिलिटरीची वस्तू, विमानतळावर ठेवून घेतात. ऑफिसातला एक जण म्हणतो, जाताना कोणी विचारत नाही, येताना मात्र कस्टमवाले 'बाहेरून आणली' म्हणून ड्यूटी मागतात. बायकोने तर निकालच लावून टाकलाय: दोन्ही दुर्बिणी मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांत, वरून प्लास्टिकची पन्नी गुंडाळून.

कोणी नेली आहे का? हातात न्यावी की बॅगेत? आणि दोन्हींपैकी कुठली?

गोरेवाडाकर · ४ जुलै, रात्री १०.०५

बंदी नाही. हे आधी डोक्यातून काढा. आपल्याकडच्या मनाईच्या यादीत चाकू, कात्री, हत्यारं, पेट घेणाऱ्या वस्तू वगैरे आहेत, दुर्बीण नाही. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याने तर नाव घेऊन लिहिलंय की बायनॉक्युलर हातातल्या सामानातही चालते नि चेक-इनमध्येही. मी श्रीलंका, थायलंड, भूतान केलं, दर वेळी गळ्यात नाहीतर पाठीवरच्या सॅकमध्ये.

पण वहिनींचा साड्यांचा बेत रद्द करा. दुर्बिणीच्या दोन्ही नळ्यांत काचेचे प्रिझम असतात, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी अगदी काटेकोर जुळवलेल्या असतात. सामान चढवता-उतरवताना बॅग आपटली आणि एक प्रिझम केसभर सरकला, की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात. डोळे ती ओढूनताणून जुळवत बसतात आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. बाहेरून काही कळत नाही. काच शाबूत, खोका शाबूत.

माझी १०×५० अशीच गेली. कंपनीचं नाव घेत नाही. घरी येऊन गच्चीवरून पाहिलं तर चंद्र दोन. चेक-इनच्या सामानाचं नुकसान झालं तर सात दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, हे मला आठव्या दिवशी कळलं! नाजूक वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असं त्यांच्या बारीक अक्षरांत छापलेलं होतंच म्हणा.

तर्रीपोहे · ४ जुलै, रात्री १०.३१

का राजेहो, वहिनी बिचारी साड्यांत गुंडाळून राहिली अन् तुम्ही प्रिझम सांगून राहिले!

भाऊ, मले एक सांगा. त्या मारात म्हणे सिंह जिपड्याच्या सावलीत येऊन बसते. मंग दुर्बीण कायले पायजे?

गोरेवाडाकर · ४ जुलै, रात्री १०.४०

@तर्रीपोहे, सिंहासाठी नकोच. पण चित्ता अर्धा किलोमीटरवर वारुळावर बसलेला असतो, आणि नुसत्या डोळ्यांना ते वारूळच वाटतं. शिवाय पक्षी. तिकडचे गिधाडांचे थवे बघ एकदा, आपल्याकडे आता कुठे दिसतात ते?

पट्ट्यापलीकडे · ५ जुलै, सकाळी ७.२०

विमानतळाच्या सुरक्षेत एक्स-रेच्या पडद्यासमोर बसून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. म्हणून लिहितो.

पडद्यावर रंग असतात. कपडे, कागद, लाकूड, खायच्या वस्तू, म्हणजे जे जे सेंद्रिय ते नारिंगी. धातू निळे. मधलं, मिसळीचं ते हिरवं. आणि ज्यातून किरण पारच होत नाहीत ते काळं. दुर्बिणीचा आकार शेंबड्या पोरालाही ओळखू येतो, दोन नळ्या नि मधे बिजागरी. पण प्रिझमची जाड काच गडद गोळ्यासारखी दिसते. तिच्याखाली चार्जर, वायरी, चिल्लरची पिशवी असा काला असला की पडद्यावरच्या माणसाला खालचं काही लागत नाही. मग तो बॅग बाजूला काढतो. त्याचा संशय दुर्बिणीवर नसतो, दुर्बिणीच्या सावलीत काय दडलंय त्यावर असतो.

म्हणून ती कॅमेऱ्यासारखी आधीच बाहेर काढायची आणि ट्रेमध्ये सुटी ठेवायची. विचारलं तर 'दुर्बीण आहे, पक्षी बघायला', एवढं एक वाक्य. जास्त माहिती देऊ नका. घाबरलेला माणूस फार बोलतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. जवानाने डोळ्याला लावून पाहिली तर पाहू द्या, कुतूहल आम्हालाही असतं. एक्स-रेने भिंगांना काही होत नाही. जुन्या फिल्मच्या रोलांची गोष्ट वेगळी होती. दोह्याला विमान बदलताना पुन्हा तपासणी होईल, तिथेही हेच.

रेघांच्या दुर्बिणीवरही बंदी नाही. पण आत रेघा दिसल्या की एखाद्याला बंदुकीवरची दुर्बीण आठवते, तो वरिष्ठाला बोलावतो, वरिष्ठ येईपर्यंत तुमचा घाम निघतो.

आणि एक न मागितलेला सल्ला. नागपूरचा माणूस लेकीकडे निघाला म्हणजे संत्रा बर्फी असणारच. ती मोठ्या बॅगेत टाका. घट्ट, चौकोनी, सेंद्रिय ठोकळा पडद्यावर कसला दिसतो, ते इथे लिहीत नाही.

खिडकीवाली · ५ जुलै, सकाळी ९.०२

वर वाचून मजा आली. एक बाळबोध प्रश्न: विमानाच्या खिडकीतून दुर्बिणीने खालचं बघता येतं का? मी कायम खिडकी घेते म्हणून विचारलं.

गोरेवाडाकर · ५ जुलै, सकाळी ९.४५

@खिडकीवाली, फारसं नाही. त्या खिडकीला ॲक्रिलिकचे एकामागे एक थर असतात. नुसत्या डोळ्याला ठीक वाटतात, पण आठपट मोठं करून पाहिलं की त्यांचा वेडावाकडेपणाही आठपट होतो. वर विमानाची थरथर. चंद्र-ढग बघा, बाकी दुर्बीण सीटखाली.

सनदशीर · ५ जुलै, दुपारी १.१५

आता कस्टमचं.

वापरातलं स्वतःचं सामान परत आणायला काही लागत नाही. दादांची जुनी दुर्बीण बघून कोणी ड्यूटी मागणार नाही. पण वस्तू नवीकोरी, महाग आणि परदेशी बनावटीची असेल, तर ती इथूनच नेली होती हे सांगायला काहीतरी हातात हवं. त्यासाठी जाताना कस्टमच्या काउंटरवर वस्तू नि बिल दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट मागायचं. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर लिहून सही-शिक्का मिळतो. येताना तो कागद दाखवला की झालं. नंबर दुर्बिणीच्या पोटाखाली नाहीतर बिजागरीजवळ बारीक कोरलेला असतो. घरीच शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, अपरात्री काउंटरवर चष्मा चाचपत बसू नका.

लोकांची गफलत होते ती वेगळीकडे. तुम्ही नागपूरहून थेट दोह्याला जाताय, म्हणजे इमिग्रेशन-कस्टम सगळं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच. नागपूर-मुंबई-नैरोबी असं तिकीट असतं तर नागपूरला तुम्ही देशांतर्गत प्रवासी, कागद मुंबईला. आणि एकाच तिकिटावर मोठी बॅग नागपूरलाच नैरोबीची चिठ्ठी लावून पुढे गेलेली असते. मग बॅगेतली दुर्बीण मुंबईच्या कस्टमला दाखवणार कशी? हातात ठेवायचं हे आणखी एक कारण.

बुटीबोरी_लोकल · ५ जुलै, दुपारी १.५०

माझ्याकडे सेलवर चालणारी, चित्र स्थिर करणारी आहे. तिचं काय?

सनदशीर · ५ जुलै, दुपारी २.१०

साध्या पेन्सिल सेलची असेल तर काही अडचण नाही. लिथियमचे सुटे सेल आणि पॉवरबँक मात्र हातातल्याच सामानात, चेक-इनमध्ये नाही. आणि अंधारात बघायची किंवा उष्णतेवरून चित्र दाखवणारी दुर्बीण असेल तर हा सगळा धागा तिला लागू नाही. अमेरिकेसारख्या देशात त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर निर्यातीचं नियंत्रण आहे. परवान्याचं बघितल्याशिवाय ती घेऊन सीमा ओलांडू नका.

धावपट्टी३२ · ५ जुलै, रात्री ८.३०

सगळे विमानात न्यायचं बोलताहेत. विमानात काहीच होत नाही हो. होतं ते उतरल्यावर, दुर्बीण कुठे डोळ्याला लावली त्यावर.

मी विमानं बघणाऱ्या जमातीतला. आम्ही वर्धा रोडला उभं राहून शेपटीवरचे नंबर वहीत टिपतो, बायको याला वेड म्हणते. आमच्या जमातीत एक गोष्ट नव्या पोराला आधी सांगतात. नोव्हेंबर २००१, ग्रीसमधलं कालामाता. बारा ब्रिटिश आणि दोन डच, सगळे छंदी लोक. ग्रीक हवाई तळांवर विमानं बघत, नंबर टिपत फिरत होते. हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. महिनाभराहून जास्त काळ तुरुंगात. एप्रिल २००२ मध्ये दोषी ठरले, काहींना तर कैदेची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ मध्ये अपिलात सगळे सुटले. ग्रीक न्यायालयाला हे पटेना की माणूस नुसत्या हौसेखातर विमानांचे नंबर लिहितो. खरं सांगू, माझ्या सासऱ्यांनाही पटत नाही. २०१५ मध्ये अमिरातीत फुजैरा विमानतळाजवळही तीन ब्रिटिशांना असंच दोनेक महिने आत काढावे लागले.

म्हणून: विमानतळ, बंदर, धरण, पोलीस ठाणं, राजवाडा, सरहद्द, यांच्या दिशेने दुर्बीण लावायची नाही. परदेशात तर नाहीच. आपल्याकडेही सोनेगावला वायुदल आहे, पुण्याची धावपट्टी वायुदलाची, गोव्यातल्या दाबोळीची नौदलाची. दोह्याला गेटपाशी मोठी काच असेल, बाहेर रांगेने विमानं उभी असतील, हात शिवशिवेल. राहू द्या.

ग्रहणवेडा · ५ जुलै, रात्री ९.१०

@धावपट्टी३२ +१. मी २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणासाठी इजिप्तला लक्सरला जायचं ठरवतोय, तिथे खग्रास अवस्था सहा मिनिटांच्या वर आहे. इजिप्तमध्ये कस्टमवाल्यांनी दुर्बीण अडवून ठेवल्याचं तिकडे जाऊन आलेल्या दोघांनी सांगितलं, म्हणून माझी टूरवाल्याकडे लेखी विचारणा चालू आहे. सगळे देश एका मापाने मोजू नका एवढंच. २२ जुलै २००९ ला भोपाळला जाऊन फक्त ढग बघून आलेला माणूस आहे मी, या खेपेला दुर्बीण कस्टममध्ये अडकलेली परवडणार नाही.

जाता जाता: ग्रहणासाठी कोणी दुर्बीण नेणार असेल तर सौर फिल्टर पुढच्या मोठ्या भिंगांवर लावायचा, डोळ्याकडच्या बाजूला नाही. ग्रहणाचा चष्मा घालून उघड्या दुर्बिणीतून सूर्य बघणं म्हणजे डोळा गमावणं. फिल्टर काढायचा तो फक्त खग्रास अवस्थेत.

कंपाउंडर · ५ जुलै, रात्री ९.४०

दुर्बीण राहिली तरी चालेल, पिवळ्या तापाची लस राहू देऊ नका. केनियाहून परत येताना कार्ड नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर नको. साठीच्या वरच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

संपादक मंडळ · ५ जुलै, रात्री १०.००

लसीची माहिती महत्त्वाची आहे म्हणून ठेवत आहोत. पुढची वैद्यकीय चर्चा आरोग्य विभागात करावी. इथे दुर्बीण.

नवतपा (धागाकर्ता) · ६ जुलै, सकाळी ६.५०

बापरे, रात्रीतून एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लस परवाच घेतली दोघांनी.

हातात न्यायचं ठरलं, बायकोनेही चंद्र दोन झाल्याचं वाचून मान्य केलं. पण कुठली? केबिनला ७ किलोची मर्यादा आहे, आणि बायकोने त्यात लोणच्याची बरणी मोजली आहे. मन दादाच्या दुर्बिणीकडे ओढतं. त्या रेघा नेमक्या कशासाठी असतात हो? दादाला कधी विचारलंच नाही. लहानपणी तो त्यातून टेलिफोनचे खांब बघायचा आणि पुटपुटत काहीतरी हिशोब करायचा.

भोंगा · ६ जुलै, दुपारी १२.१०

तुमच्या दादाच्याच धंद्यातला, म्हणून राहवलं नाही.

तो अंतराचा हिशोब करत होता. त्या रेघांमधल्या घरांना मिल म्हणतात. एखाद्या वस्तूची उंची माहीत असेल तर ती किती मिल भरते ते बघायचं, उंचीला मिलने भागायचं आणि हजाराने गुणायचं. ३० मीटर उंचीचा दीपस्तंभ १० मिल भरला, तर तो ३ किलोमीटरवर. रडार बंद पडलं तर किनारा किती लांब आहे हे सांगायला ती कामी येते. टेलिफोनच्या खांबावर आम्ही सगळ्यांनीच सराव केलाय.

हत्ती खांद्याशी धरा ३ मीटर. तो १० मिल भरला तर ३०० मीटरवर.

आकडे वाचायची सवय कशी करावी हे हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुगरण · ६ जुलै, दुपारी ३.३५

धागाकर्ते, भावना समजते, पण ८×४२ न्या. वजनाचं सोडा, डोळ्याचं सांगते.

५० ला ७ ने भागलं तर ७.१. म्हणजे दादांच्या दुर्बिणीतून साधारण ७ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्याशी येतो. रात्री बोटीवरच्या पंचविशीतल्या खलाशाची बाहुली तेवढी उघडते, म्हणून ७×५०. पन्नाशीनंतर आपली बाहुली अंधारातही ५ च्या आसपासच उघडते. उरलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. तुमच्या वयाला बेतून शिवल्यासारखी आहे ती.

आणि 'हात बसला नाही' म्हणजे बहुतेक ती लावून घेतलेली नाही. आधी दोन नळ्यांमधलं अंतर: बिजागरी मिटत-उघडत जायची, दोन गोल एकमेकांत मिसळून एकच गोल झाला पाहिजे. मग उजव्या भिंगावर हात ठेवून फक्त डाव्या डोळ्याने, मधलं चाक फिरवून, दूरची पाटी स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. मधल्या चाकाला या वेळी हात लावायचा नाही. कडीचा आकडा लक्षात ठेवा, तो तुमचा. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी आत दाबून घ्या. वहिनींसाठी सगळं पुन्हा, त्यांचा आकडा वेगळा.

धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवायची, मगच मऊ कापड. पदराने पुसलेली भिंगं मी पाहिली आहेत, नंतर ती पाहवत नाहीत. आणि पन्नी नको! केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. जुन्या सुती साडीची पिशवी शिवा.

तर्रीपोहे · ६ जुलै, दुपारी ४.००

साडी आलीच शेवटी. वहिनी जिंकली!

नवतपा (धागाकर्ता) · ६ सप्टेंबर, रात्री ८.२०

मंडळी, परत येऊन आठवडा झाला. वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

८×४२ नेली. सुगरण ताईंनी सांगितलं तशी गच्चीवरून समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर लावून घेतली. माझा आकडा शून्याच्या उजवीकडे एक, बायकोचा डावीकडे दोन. इतके दिवस तिला दोन गोल दिसायचे आणि ती गप्प बसायची, कारण तिला वाटायचं दुर्बिणीत असंच दिसतं!

नागपूरला कस्टमच्या काउंटरवर कागद मागितला. साहेबांनी नंबर ताडून पाहिला, शिक्का मारून दिला, पंधरा-वीस मिनिटांचं काम. येताना कोणी विचारलंच नाही. कागद पाकिटातच घडी होऊन पडलाय. तपासणीत दुर्बीण सुटी ट्रेमध्ये ठेवली. नागपूरला नाही, दोह्याला नाही, कोणी तिच्याकडे ढुंकून पाह्यलं नाही.

अडवलं ते बर्फीला. पट्ट्यापलीकडे साहेब, तुमचं ऐकलं नाही, क्षमा असावी. बायको म्हणाली मोठ्या बॅगेत चुरा होईल, म्हणून चार डबे हातातल्या बॅगेत. कुठल्या विमानतळावर ते विचारू नका. बॅग बाजूला निघाली, दोन जण पडद्यावर वाकून बघू लागले, चारही डबे उघडायला लावले. एकाने कसलीशी पट्टी डब्यावर फिरवून यंत्रात घातली. बायकोने तेवढ्यात एक तुकडा पुढे केला. त्याने घेतला नाही, पण हसला.

मारात चार दिवस होतो. आता खरं सांगतो, माझं दुर्बिणीतून बघणं तासाभराच्या वर झालं नसेल. पहिल्या सकाळी वाटाड्याने गाडी थांबवली आणि लांब बोट दाखवलं. मला गवत दिसलं, एक वारूळ दिसलं. बायकोने दुर्बीण लावली, चाक पुढे-मागे केलं आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, कान हलला. चित्ता होता. तिने त्याला कान हलवताना, मान वळवताना, मागचा पाय चाटताना पाह्यलं आणि मला ते सगळं बोलून सांगितलं. मी दोनदा हात पुढे केला. दोनदा 'थांबा हो' ऐकलं.

तेव्हापासून पट्टा तिच्या गळ्यात. दुसऱ्या दिवशी बाभळीवर एक पक्षी बसलेला, तो बघून ती ओरडली, अगंबाई, आपला नीळकंठ! दसऱ्याला ज्याच्यासाठी आम्ही शेतात हिंडायचो तो. खरंतर तो त्याचा चुलतभाऊ, छाती जांभळट आणि शेपटीला दोन लांब काड्या. हे मला नंतर पुस्तकात बघून कळलं, कारण त्या वेळी माझ्या डोळ्यांना तो फांदीवरचा एक ठिपका होता. वाटाड्याकडे त्याची दुर्बीण होती, पण तो बिचारा जनावरं शोधत होता, त्याच्याकडे मागणार कशी?

दोघांत एक दुर्बीण नेऊ नका हो. वजन होऊ द्या, लोणचं कमी न्या.

हत्ती भरपूर दिसले. भोंगासाहेब, रेघा नव्हत्या, नाहीतर मोजला असता एखादा.

भोंगा · ६ सप्टेंबर, रात्री ९.०५

अंबाझरीला पलीकडच्या काठावर माणूस उभा असेल, त्याला पावणेदोन मीटर धरा नि करा सुरुवात.

सुगरण · ६ सप्टेंबर, रात्री ९.३०

वहिनींना सांगा, इकडे यायला लागा. आणि ती दुर्बीण पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका, भिंगांना बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात. मे महिन्यात गाडीत तर चुकूनही विसरू नका.

नवतपा (धागाकर्ता) · ७ सप्टेंबर, सकाळी १०.४०

डबा आणला. पण त्यात काही राहत नाही. आज सहा वाजताच तिने मला उठवलं, गोरेवाड्याला जाऊन आलो. ८×४२ तिच्याकडे, दादाची माझ्याकडे. पाण्यापलीकडचा कोळी ४ मिल भरला. म्हणजे ४३७ मीटर, बरोबर ना?

भोंगा · ७ सप्टेंबर, सकाळी ११.१५

उभा होता का होडीत बसला होता?

नवतपा (धागाकर्ता) · ७ सप्टेंबर, सकाळी ११.२०

बसला होता.

तर्रीपोहे · ७ सप्टेंबर, सकाळी ११.२२

😂 बर्फी उरली काय भाऊ?